पावसाळाभर उभी गाडी आणि बदललेलं पेट्रोल

उभ्या मोटारसायकलचं पेट्रोल कसं टिकवायचं, याबद्दल लिहिलेलं जे सापडतं ते बहुतेक बर्फ पडणाऱ्या देशांतलं आहे. तिकडे गाडी हिवाळाभर झाकून ठेवतात. विदर्भात हिवाळा म्हणजे कापूस वेचणीचे दिवस, तेव्हा गाडी रोज पळते. इथे ती उभी राहते पावसाळ्यात. काळ्या मातीच्या पांदणीत चाक आणि मडगार्डच्या मधे चिखल ठासला की चाक फिरत नाही. मग घरातली जुनी गाडी जूनअखेर गोठ्याशेजारच्या टिनाखाली जाते आणि दसऱ्याला धुऊन पुजायला निघते. म्हणजे तीन-साडेतीन महिने, तेही वर्षातल्या सगळ्यात दमट हवेत.

राजदूत, लुनाच्या काळात एकच रीत होती: टाकीखालचा कॉक, म्हणजे पेट्रोलची तोटी, बंद करा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा. रीत बरोबर होती. इंजिनात जाणारं पेट्रोल हवेत मिसळतो तो कार्बोरेटर. त्याच्या वाटीत थोडंसंच पेट्रोल असतं आणि वाटीला हवेचं भोक असतं. त्यातून हलका भाग उडून जातो आणि उरलेल्याचा हवेशी संयोग होऊन चिकट राळ तयार होते. त्या टू-स्ट्रोक गाड्यांत पेट्रोलातच ऑइल मिसळलेलं असे, तेही मागे राहून जेटवर, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकावर, बसे. वाटी कोरडी असली की चिकटायला काही उरत नसे. १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली, पुढे फोर-स्ट्रोक गाड्या गावोगाव पोचल्या आणि पेट्रोलात ऑइल टाकणं सुटलं. कॉक मात्र राहिला, म्हणून ती रीतही टिकली.

बदललं ते पेट्रोल. पेट्रोलात ५ टक्के इथेनॉल मिसळण्याचा कार्यक्रम २००३ मध्ये सुरू झाला, महाराष्ट्र पहिल्या राज्यांतच होता. सुरुवातीची बरीच वर्षं तो रखडत चालला. २०१८ च्या जैवइंधन धोरणानंतर वेग आला. जून २०२२ मध्ये देशाची सरासरी १० टक्क्यांवर गेली, फेब्रुवारी २०२३ मध्ये २० टक्क्यांचं पेट्रोल विक्रीला आलं आणि २०२५ मध्ये पंपावर तेच सर्रास मिळू लागलं.

इथेनॉल पाणी धरून ठेवतं. १० टक्क्यांच्या पेट्रोलात साधारण अर्धा टक्का पाणी विरघळून राहतं, म्हणजे १० लिटरला ५० मिली. २० टक्क्यांचं पेट्रोल त्याहून जास्त धरतं. पण मर्यादा ओलांडली, किंवा रात्री गारवा पडून ती खाली आली, की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी वेगळा थर होतो. इंजिन पेट्रोल ओढतं ते तळातूनच. वर उरलेल्या पेट्रोलाचा ऑक्टेन (ठोके न देता जळण्याची क्षमता) घसरलेला असतो. तळाचा पत्रा गंजतो तो वेगळाच.

एवढं पाणी नुसत्या हवेतून सहसा येत नाही, ते झाकणातून येतं. बऱ्याच गाड्यांत झाकणाभोवतीच्या खोलगट जागेत पाणी वाहून जायला बारीक भोक असतं. ते धुळीने किंवा चिखलाने बुजलं की पावसाचं पाणी तिथेच साचतं आणि कडक झालेल्या रबराच्या कडेने टाकीत झिरपतं. गाडी उभी करण्याआधी हे भोक मोकळं करा आणि त्यावर पाणी ओतून खाली निघतं का ते बघा. आमच्या मते पावसाळ्यासाठी यापेक्षा मोठं काम नाही.

दुसरा बदल एप्रिल २०२० चा. धुराचे बीएस-६ हे कडक नियम आल्यावर साध्या १०० सीसीच्या गाड्यांतही बहुतेक कार्बोरेटरच्या जागी पंपाच्या दाबाने पेट्रोल फवारणारं फ्युएल इंजेक्शन आलं आणि कॉक गेला. पंप टाकीतच असतो आणि पेट्रोलानेच थंड राहतो. अशा गाडीत जुनी रीत चालवायला जाऊन टाकी कोरडी करू नका, पंप जळू शकतो.

दोन्ही प्रकारच्या गाड्यांत टाकी गळ्याखाली बोटभर जागा सोडून ताज्या पेट्रोलने भरा. अर्ध्या टाकीत हवा जास्त, म्हणून दव आणि गंजही जास्त. स्टॅबिलायझर (पेट्रोल लवकर बिघडू न देणारं औषध) मिळालं तर बाटलीवरच्या मापाने ताज्या पेट्रोलातच घाला, कारण बिघडलेलं पेट्रोल त्याने सुधरत नाही. मग गाडी दहा मिनिटं चालवा, म्हणजे ते पुढेपर्यंत पोचतं. कार्बोरेटरची गाडी असेल तर त्यानंतर कॉक बंद करून वाटीखालचा ड्रेन स्क्रू सोडा. नुसतं इंजिन बंद पडू दिलं तर जेटच्या पातळीखाली थोडं पेट्रोल उरतंच. अधूनमधून दोन मिनिटं स्टार्ट करून बंद करणं टाळा, त्याने सायलेन्सरमध्ये पाणी साचतं. करायचं तर पंधरा-वीस मिनिटं चालवून आणा.

दसऱ्याला किक मारण्याआधी टाकीच्या तळातलं थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढा. इंजेक्शनच्या गाडीत हे काम मेकॅनिककडून करून घ्या. खाली वेगळा थर दिसला, किंवा रंग गडद होऊन वॉर्निशसारखा वास आला, तर सगळं काढून टाका. गाडी फक्त चोकवरच चालत असेल तर पायलट जेट, म्हणजे मंद चालीला पेट्रोल देणारा बारीक जेट, तुंबला आहे. त्यात सुई घालू नका, पितळेचं भोक मोठं होतं आणि गाडी कायमची पेट्रोल जास्त पिते. कार्बोरेटर क्लीनर मारा, नाहीतर वायरीतली तांब्याची एक बारीक तार फिरवा. काढलेलं पेट्रोल वाया जाऊ नये म्हणून पेट्रोलवर चालणाऱ्या फवारणीच्या पंपात टाकायचा मोह होतो. त्याचा कार्बोरेटर याहून बारीक असतो, तो आधी तुंबेल.