एफकोड ड्रायव्हर

विस्तारकार्डावरच्या रॉममध्ये साठवलेला, फोर्थ या प्रोग्रामिंग भाषेत लिहून एफकोड नावाच्या बाइटकोडात (कोणत्याही एका प्रोसेसरशी न बांधलेल्या संक्षिप्त आज्ञांत) रूपांतरित केलेला ड्रायव्हर, म्हणजे उपकरण चालवणारा प्रोग्राम. कार्यप्रणाली सुरू होण्यापूर्वी ओपन फर्मवेअर (यंत्र चालू होताच धावणारी प्राथमिक प्रणाली) तो वाचते आणि त्याच्या आधारे कार्ड चालवते. काटेकोरपणे पाहता हा कर्नलचा, म्हणजे कार्यप्रणालीच्या गाभ्याचा, भाग नव्हे, कारण कर्नल स्मृतीत चढल्यावर सहसा स्वतःचा, सी भाषेतला ड्रायव्हर वापरते. पण रजिस्टरे (उपकरणाच्या नियंत्रणाचे छोटे स्मृतिकप्पे) मॅप करणे, म्हणजे स्मृतीतील पत्त्यांशी जोडणे, उपकरण जागे करणे ही कामे तीच असल्याने त्याचा विचार कर्नल ड्रायव्हरांसोबत करणे योग्य ठरते.

फोर्थचा कर्ता चार्ल्स मूर, याविषयी वाद नाही, काळाविषयी आहे. मूर न्यूयॉर्क राज्यातील मोहास्को या गालिचे बनवणाऱ्या कंपनीत आयबीएम ११३० यंत्रावर काम करत होते, तेव्हापासून म्हणजे १९६८ पासून काही जण गणना करतात. इतर १९७१ च्या सुमाराचा काळ धरतात; त्या वेळी अमेरिकेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोल वेधशाळेत, किट पीक येथील दुर्बिणीच्या नियंत्रणासाठी फोर्थ वापरात आली. नाव व मूळ कल्पना आधीची असली, तरी इतरांना हाताळता येईल अशी स्वतंत्र यंत्रणा वेधशाळेतच उभी राहिली, त्यामुळे दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते. ड्रायव्हरांकडे ही भाषा वळली ती सन मायक्रोसिस्टिम्स या संगणक कंपनीत. मिच ब्रॅडली यांनी घडवलेले ओपनबूट हे फर्मवेअर १९८९ च्या स्पार्कस्टेशन १ या संगणकासोबत आले आणि त्यावरूनच ओपन फर्मवेअरचे आयईईई १२७५-१९९४ हे मानक तयार झाले. पुनर्मान्यता न मिळाल्याने मानक पुढे मागे घेतले गेले.

बाइटकोडाचे कारण व्यावहारिक होते: प्रोसेसर कोणताही असो, कार्ड तेच चालावे. प्रत्येक शब्दाला (फोर्थमध्ये आज्ञेला शब्द म्हणतात) एक किंवा दोन बाइटांचा टोकन-क्रमांक असतो. ड्रायव्हरने स्वतः घडवलेल्या शब्दांचे क्रमांक षोडशमान (१६ च्या पायावरच्या) ८०० पासून सुरू होतात. पीसीआय या जोडणी-पद्धतीच्या कार्डाच्या रॉममधील प्रतिमेवर संकेतप्रकार १ नोंदलेला असतो (० हा एक्स८६ प्रोसेसरांच्या संकेतासाठी). ड्रायव्हर उपकरण-वृक्षात (यंत्रातील उपकरणांच्या शाखावार यादीत) एक गाठ निर्माण करतो, तिला ‘नेम’ (नाव), ‘रेग’ (रजिस्टरांचे पत्ते) असे गुणधर्म लावतो आणि ‘ओपन’, ‘क्लोज’, ‘रीड’ यांसारख्या पद्धती पुरवतो.

डीबगिंग (दोष शोधणे) थेट यंत्रावर, फर्मवेअर आज्ञेची वाट पाहते त्या ‘ओके’ प्रॉम्प्टवर बसून होते. हीच या पद्धतीची खरी मिजास. ‘शो-डेव्हज’ने वृक्ष दिसतो, ‘वर्ड्स’ने गाठीतील शब्द कळतात, ‘सी’ (see) या आज्ञेने एखाद्या शब्दाचा उलगडा होतो आणि रजिस्टरात एखादे मूल्य हातानेच लिहून पाहता येते. सवय नसलेल्याला आधी अंकच चकवतात. येथे आकडे मुळातच षोडशमान असल्याने ९ आणि १ ची बेरीज छापली, तर १० ऐवजी ‘ए’ उमटते. दुसरा नेहमीचा दोष म्हणजे स्टॅक (फोर्थमधील शब्द ज्यावर मूल्ये ठेवतात व उचलतात ती रास) असंतुलित राहणे: पद्धतीने एखादे मूल्य मागे सोडले की गडबड भलत्याच ठिकाणी प्रकट होते. ॲपलच्या यंत्रांवर प्रॉम्प्टमध्येच स्टॅकची खोली दिसते, त्यामुळे ‘०’ च्या जागी ‘१’ दिसताच शंका घ्यावी. पीसीआयवर आज्ञा-रजिस्टरातील स्मृती-बिट चालू न करता वाचन केल्यास सगळे बिट १ येतात, किंवा यंत्रच तक्रार करते.

ॲपलने १९९५ पासून पीसीआय पॉवर मॅकिंटॉशमध्ये ओपन फर्मवेअर स्वीकारले. इंटेल मॅकमध्ये त्याची जागा ईएफआय या दुसऱ्या फर्मवेअरने घेतली. शालेय मुलांसाठीच्या एक्सओ लॅपटॉपमध्येही ब्रॅडली यांचेच फर्मवेअर होते. भारतात त्या लॅपटॉपांचा आरंभीचा प्रयोग २००७ मध्ये कर्जत तालुक्यातील खैराट येथे झाला. उपकरण-वृक्षाची कल्पना मात्र भाषेपेक्षा टिकाऊ ठरली: लिनक्सने ती पॉवरपीसी प्रोसेसरांवर, नंतर आर्म प्रोसेसरांवर, सपाट स्वरूपात (एका सलग माहिती-तुकड्यात) घेतली. आयबीएमचे स्लोफ आणि ओपनबायोस या ओपन फर्मवेअरच्या मुक्त अंमलबजावण्यांत फोर्थ अजूनही आढळते.