पू हिरवट का दिसतो?

गळू फुटल्यावर येणारा पू म्हणजे बराचसा मेलेल्या न्यूट्रोफिलचा, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशींचा, खच. त्याला हिरवट झाक येते ती या पेशींतल्या मायलोपेरॉक्सिडेज नावाच्या विकरामुळे (एन्झाइममुळे). गिळलेल्या जंतूंवर ओतायला ब्लीचमध्ये असतं तसलं हायपोक्लोरस आम्ल तयार करणं, हे त्याचं काम.

हे विकर पेशीत भरलं जातं ते अस्थिमज्जेत, पेशी घडण्याच्या सुरुवातीच्या, प्रोमायलोसाइट नावाच्या टप्प्यावर. पुढचा टप्पा मायलोसाइटचा. विभाजन होतं ते इथपर्यंतच, त्यानंतर उरतं फक्त पिकणं. गोल केंद्रक आधी राजम्याच्या दाण्यासारखं होतं, मग घोड्याच्या नालेसारखं वाकतं (ही ‘बँड’ पेशी) आणि शेवटी त्याचे तीन ते पाच खंड पडतात. या सगळ्याला साधारण १० ते १४ दिवस लागतात, आणि रक्तातला मुक्काम मात्र तासांत मोजावा इतका. म्हणून मज्जेला रोज सुमारे १०० अब्ज नव्या पेशी काढाव्या लागतात.

मोठ्या माणसाच्या रक्तात दर मायक्रोलिटरला ४,००० ते ११,००० पांढऱ्या पेशी असतात. रिपोर्ट हातात आला की सगळ्यांची नजर याच आकड्यावर जाते, पण एकट्या आकड्यावर विसंबू नये. स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून बसलेल्या पेशी सुटून प्रवाहात येतात आणि जंतुसंसर्ग नसतानाही आकडा चढतो. उलट, एकूण आकडा कमी आणि बँड पेशी भरपूर, असं दिसलं तर काळजी जास्त: मज्जेतला तयार साठा संपत आलाय आणि कच्चा माल बाहेर पडतोय.

केमोथेरपीचा घाव विभाजन होणाऱ्या पेशींवर बसतो. आधीच पिकायला लागलेल्या पेशी काही दिवस पुरतात, त्यामुळे आकडा लगेच पडत नाही. तळ गाठतो तो बहुतेक औषधांत ७ ते १४ दिवसांनी. तेव्हा हिशेब असा करायचा: एकूण पांढऱ्या पेशी २,००० आणि न्यूट्रोफिल व बँड मिळून २० टक्के, म्हणजे न्यूट्रोफिल ४००. पाचशेच्या खाली धोका मोठा. पू धरायला पेशीच नसतात, त्यामुळे जखम फारशी लाल होत नाही, छातीच्या एक्स-रेवरही कधी काही दिसत नाही. ताप ही बऱ्याचदा एकमेव खूण असते. अशा दिवसांत १००.४ फॅरनहाइट ताप आला, तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघत बसू नये. रात्रीच रुग्णालय गाठावं.