राउटरवरील प्रमाणीकरण व हिशेब सर्व्हरची जोडणी

राउटरवर येणाऱ्या वापरकर्त्याची ओळख पटवणे आणि त्याने किती वेळ व किती डेटा वापरला याची नोंद ठेवणे ही कामे मध्यवर्ती सर्व्हरकडे सोपवण्यासाठी राउटरमध्ये करावयाची सेटिंग. यासाठी सर्वाधिक प्रचलित असलेला रेडियस हा प्रोटोकॉल (यंत्रांच्या आपसातील संवादाचे नियम) लिव्हिंगस्टन एंटरप्रायझेस या कंपनीने १९९१ मध्ये तयार केला. त्याची आजची प्रमाण रूपे, ओळखीसाठी आरएफसी (इंटरनेटचे मानक-दस्तऐवज) २८६५ आणि हिशेबासाठी आरएफसी २८६६, जून २००० मधली आहेत. राउटरमध्ये कोणी लॉगिन करून कोणती कमांड दिली, यावर देखरेख ठेवायची असेल तर टॅकॅक्स प्लस हा दुसरा प्रोटोकॉल सोयीचा. तो टीसीपीच्या (पोचपावती घेऊन डेटा पाठवण्याची पद्धत) ४९ क्रमांकाच्या पोर्टवर चालतो.

मुंबईत विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सार्वजनिक इंटरनेट सेवा सुरू केली, तेव्हा डायल-अपची खाती तासांच्या हिशेबाने विकली जात. आता उपनगरांतल्या इमारतींमध्ये केबलवाल्याची फायबर येते आणि घरातला राउटर पीपीपीओई या पद्धतीने युजरनेम-पासवर्ड देऊन कंपनीच्या राउटरवर लॉगिन करतो. त्यामागचे यंत्र बहुतेक ठिकाणी रेडियसच असते. ‘रिचार्ज झालाय, आता राउटर बंद करून चालू करा,’ हे फोनवरचे वाक्य मुंबईकराच्या ओळखीचे आहे. प्लॅनचा वेग सर्व्हर लॉगिनच्या वेळीच कंपनीच्या राउटरला कळवतो, म्हणून पुन्हा लॉगिन करावे लागते. चालू सेशनमध्येच (एका लॉगिनपासून ते संपेपर्यंतच्या काळात) बदल पाठवण्याची सोय ३७९९ क्रमांकाच्या पोर्टवर आहे, पण ती कंपनीच्या राउटरमध्ये चालू करून ठेवावी लागते.

मूळ सेटिंग थोडकेच. सर्व्हरचा आयपी पत्ता, ओळखीसाठी यूडीपी (पोचपावतीविना डेटा पाठवण्याची पद्धत) पोर्ट १८१२, हिशेबासाठी १८१३ (जुन्या यंत्रांत १६४५ व १६४६), राउटर व सर्व्हर दोघांना ठाऊक असलेला गुप्त शब्द, टाइमआउट (उत्तराची वाट पाहण्याची मुदत) आणि पुन्हा प्रयत्नांची संख्या. राउटर आपल्या कोणत्या इंटरफेसच्या (जोडणीच्या) पत्त्यावरून विनंती पाठवणार हेही पक्के करावे लागते, कारण अनोळखी पत्त्यावरून आलेल्या विनंतीला सर्व्हर उत्तरच देत नाही.

गुप्त शब्द जुळला नाही तर लक्षणे फसवी असतात. त्या शब्दावाचून पासवर्ड उलगडत नाही, म्हणून सर्व्हरच्या लॉगमध्ये (नोंदवहीत) ‘चुकीचा पासवर्ड’ दिसते. सर्व्हरने पाठवलेला नकार राउटरला खरा वाटत नाही, तो टाकून देतो, आणि राउटरच्या लॉगमध्ये ‘सर्व्हर उत्तर देत नाही’ असे उमटते. दोन्ही लॉग शेजारी ठेवून वाचल्याखेरीज खरा दोष सापडत नाही.

राउटरमध्ये स्थानिक खातेही ठेवतात. पण ते सर्व्हर गप्प असेल तेव्हाच कामी येते. सर्व्हरने ‘नाही’ म्हटले तर राउटर तिथेच थांबतो. सिस्कोच्या राउटरवर ‘एएए न्यू-मॉडेल’ (एएए म्हणजे ओळख, परवानगी व हिशेब) ही कमांड देताच लॉगिनचे नियम बदलतात, म्हणून स्थानिक खाते आधी बनवून आणि आधीच लॉगिन केलेली दुसरी खिडकी उघडी ठेवूनच ती द्यावी.

हिशेबाची बाजू मात्र दुर्लक्षित राहते, कारण लॉगिन अडले की ग्राहक लगेच फोन करतो, हिशेब चुकला तर महिनाअखेरपर्यंत कोणाला पत्ता नसतो. सेशन सुरू झाल्याची, मधल्या वापराची आणि संपल्याची अशा तीन प्रकारच्या नोंदी राउटर पाठवतो. मधल्या नोंदींचे अंतर ६०० सेकंदांपेक्षा कमी नसावे, अशी शिफारस आहे. डेटा मोजण्याचा रकाना ३२ बिटांचा असल्याने तो सुमारे ४ जीबीला भरून पुन्हा शून्यावर येतो. १०० एमबीपीएसच्या कनेक्शनवर याला पावणेसहा मिनिटे पुरतात. किती फेऱ्या झाल्या ते ‘गिगावर्ड्स’ या वेगळ्या रकान्यात असते, आणि बिलिंगचे सॉफ्टवेअर तो वाचत नसेल तर जास्त वापरणाऱ्याचेच बिल कमी येते! शिवाय ‘इनपुट’ म्हणजे राउटरकडे आलेला डेटा, अर्थात ग्राहकाचे अपलोड. डाउनलोड समजून हे दोन आकडे सर्रास उलटे मांडले जातात.

वीज गेली की खरी परीक्षा. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई महानगरात झाला तसा मोठा खंड पडला, तर कंपनीचा राउटर सेशन संपल्याची नोंद न पाठवताच बंद पडतो. सर्व्हरच्या लेखी ती सेशने चालूच राहतात आणि एका खात्याला एकच लॉगिन असा नियम असेल तर वीज आल्यावर ग्राहक स्वतःच्याच जुन्या सेशनमुळे बाहेर राहतो. राउटरने सुरू होताच ‘अकाउंटिंग-ऑन’ हा संदेश पाठवला आणि सर्व्हरने तो मानला, तर जुनी सेशने साफ होतात. त्याच क्षणी सगळ्या इमारती एकदम लॉगिन करू लागतात. टाइमआउट फार कमी ठेवला असेल तर पुन्हापुन्हा येणाऱ्या विनंत्यांनीच सर्व्हर कोलमडतो.

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस जपायचे असून घड्याळे एनटीपीने (नेटवर्कवरून वेळ जुळवण्याचा प्रोटोकॉल) जुळवायची आहेत. अनेक ग्राहकांमागे एकच सार्वजनिक आयपी असताना वेळ थोडी चुकली तरी तपासात भलत्याच घराचे नाव पुढे येते. तिथे रेडियसच्या नोंदीबरोबर नॅटचा (अनेकांना एकच सार्वजनिक आयपी वापरू देणारी पद्धत) लॉगही लागतो.

जुलै २०२४ मध्ये उघड झालेल्या ब्लास्ट-रेडियस दोषात रेडियस वापरत असलेल्या एमडी५ या जुन्या हॅश पद्धतीच्या (संदेशाचा ठसा काढण्याची रीत) दुबळेपणामुळे मध्ये बसलेला हल्लेखोर सर्व्हरचा नकार होकारात बदलू शकतो. त्यावर राउटर आणि सर्व्हर दोन्हीकडे ‘मेसेज-ऑथेंटिकेटर’ (संदेश खरा असल्याची खूण) सक्तीचा करतात. जुन्या राउटरना तो जमत नसेल तर रेडियसची वाहतूक निदान वेगळ्या व्हीलॅनमध्ये (नेटवर्कचा वेगळा काढलेला भाग) किंवा आयपीसेकमधून (कूटबद्ध मार्ग) नेतात.