स्पायरल की हेलिकल? नाव सोडा, इन्सर्टची धार बघा

थिकनेसरला (फळी रंधून एकसारख्या जाडीची करणारं मशीन) स्पायरल हेड, म्हणजे लाकूड कापणारा फिरता रूळ, बसवायचं ठरवून शोधायला बसलं की पहिल्या अर्ध्या तासातच डोकं फिरतं, कारण एक जण ज्याला स्पायरल म्हणतो त्यालाच दुसरा हेलिकल म्हणतो, आणि तिसरा दोन्ही शब्द एकदम लिहून मोकळा होतो. दिसायलाही सगळी सारखीच, लोखंडी रूळ आणि त्याच्याभोवती पीळ घालत गेलेल्या चौकोनी कार्बाइड इन्सर्टच्या (कठीण धातूच्या छोट्या, बदलता येणाऱ्या पात्यांच्या) रांगा. भूमितीच्या हिशोबाने बघाल तर यातलं एकही स्पायरल नाही, स्पायरल म्हणजे मच्छर कॉइलसारखं सपाट वेटोळं, आणि स्प्रिंगसारखं चढत जातं ते हेलिक्स, म्हणजे दोन्ही हेडं हेलिक्सच. पण जाणकार लोक हे दोन शब्द वेगळे वापरतात आणि त्यामागे खरा फरक आहे, तो तेवढा समजून घ्या.

रांगेचा पीळ दोन्हीकडे असतो, फरक आहे एकेका इन्सर्टच्या बसण्यात. स्पायरलमध्ये प्रत्येक इन्सर्टची धार शाफ्टला (रूळ ज्याच्यावर फिरतो त्या आसाला) समांतर असते, म्हणजे लाकूड आत येतं त्या दिशेशी बरोबर काटकोनात. गोल जिना आठवा, जिना वळत वळत वर जातो पण प्रत्येक पायरी आपली आडवीच, तसंच. हेलिकलमध्ये रांग तर वळतेच, शिवाय प्रत्येक इन्सर्ट स्वतः थोडा तिरका बसवलेला असतो, त्यामुळे धार लाकडावर समोरून आदळत नाही, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत कापते. हातरंधा मारणाऱ्याला हे सांगायची गरज नाही, ग्रेन (लाकडाच्या तंतूंची दिशा) उलटा आला की रंधा आपोआप तिरका धरला जातो, तेच काम इथे मशीन करतं. बर्ड कंपनीचं शेलिक्स हेड हे या दुसऱ्या प्रकारातलं.

ओळखायची रीत सोपी. मशीनची वायर सॉकेटमधून काढा (स्विच बंद केलाय यावर भागवू नका, कार्बाइडची धार बोटाला कळायच्या आत लागते), आणि एक स्टीलची पट्टी शाफ्टला समांतर हेडवर धरा. इन्सर्टची धार पट्टीशी जुळली तर स्पायरल, पट्टीशी कोन करून उभी असेल तर हेलिकल. विकत घ्यायच्या आधी फोटोवरूनही कळतं, फक्त अगदी समोरून काढलेला फोटो मागा, जाहिरातीतल्या तिरप्या फोटोत सगळंच तिरकं दिसतं.

आता तिरक्या इन्सर्टची एक गंमत आहे आणि पुढच्या बऱ्याच भानगडी तिथूनच निघतात. गोल रुळावर सरळ धार तिरकी ठेवली की धारेचा मधला भाग रुळाच्या मध्यापासून जवळ राहतो आणि दोन्ही टोकं किंचित लांब जातात, म्हणजे कोपरे बाहेर येतात आणि लाकडात रुततात. साधारण ४० मिमी त्रिज्येच्या हेडवर १५ मिमीचा इन्सर्ट १५ अंश तिरका ठेवला तर हा फरक अर्ध्या दशांश मिलिमीटरच्या आसपास येतो. ऐकायला काहीच नाही, पण बोट फिरवलं की लागतो. म्हणून हेलिकलचे इन्सर्ट सरळ धारेचे नसतात, धारेला हलकासा बाक असतो, मधे फुगीर. स्पायरलचे मात्र सरळ धारेचे.

मी हे न कळता एकदा हेलिकल हेडमध्ये सरळ धारेचे सात-आठ इन्सर्ट बसवले होते, साइज तोच, स्क्रूचं भोक तेच, बसतायत म्हटल्यावर शंका यायचं कारणच नव्हतं. पहिलीच फळी बाहेर आली ती नांगरल्यासारखी. दोन तास रोलर आणि टेबलाला शिव्या घातल्या, मग कुठे ट्यूब पेटली.

फिनिशबद्दल बोलायचं तर दोघांचीही आधी सरळ ब्लेडच्या हेडशी तुलना करा. सरळ ब्लेड पूर्ण रुंदीवर एकदम आदळतं, म्हणून तो कानठळ्या बसवणारा आवाज आणि उलट्या ग्रेनला निघणाऱ्या खपल्या. इन्सर्टवाल्या हेडात एका क्षणी थोडेच इन्सर्ट लाकडात असतात, आवाज बराच कमी होतो, ढलप्या बारीक निघतात आणि डस्ट कलेक्टरचा पाइप कमी तुंबतो. हे फायदे स्पायरलमध्येही मिळतात, त्यासाठी हेलिकलच पाहिजे असं नाही. फरक पडतो तो नागमोडी, गाठाळ, दर वितीला दिशा बदलणाऱ्या ग्रेनमध्ये, तिथे हेलिकल उजवं ठरतं. पण फुकट नाही, बाकदार धारेमुळे लांबीच्या दिशेने अगदी बारीक पन्हाळ्या उमटतात, समोरून दिसत नाहीत, बाजूने टॉर्च मारला की दिसतात. स्क्रेपर किंवा पॉलिश पेपरचे दोन हात मारले की जातात, पण मशीनमधून काढून थेट पॉलिश करणार असाल तर मग ताजी धार लावलेलं एचएसएसचं (हाय स्पीड स्टीलचं) सरळ ब्लेड दोघांनाही मागे टाकतं, विशेषतः मऊ आणि सरळ ग्रेनच्या लाकडात. कार्बाइडला तेवढी तलवारी धार येत नाही, ते टिकतं मात्र कितीतरी जास्त. सागवानात सिलिका असते, त्यात एचएसएस बघता बघता बोथट होतं, तिथे कार्बाइडची खरी किंमत कळते.

इन्सर्ट किती आहेत हे सगळे मोजतात, एका फेरीत लाकडाच्या एकाच रेषेवर किती इन्सर्ट येतात हे कोणी विचारत नाही, आणि खरं गणित तेच आहे. हेड ५००० आरपीएम (मिनिटाला ५००० फेऱ्या), फीड म्हणजे लाकूड आत सरकायचा वेग मिनिटाला ६ मीटर आणि एका रेषेवर फेरीत ३ काप असतील तर दर ०.४ मिमीला एक काप पडतो. तेच फक्त २ काप असतील तर ०.६ मिमी. भरपूर इन्सर्ट असले पण ते एकमेकांना नुसते शेजारून झाकत असले तर फिनिश खडबडीतच येणार, मग नाव हेलिकल असो नाहीतर आणखी काही.

लोडचं सांगायचं राहिलं. सरळ ब्लेड मारतं आणि सोडतं, इन्सर्टवाल्या हेडात कोणी ना कोणी सतत कापत असतं, मोटरला दम घ्यायला फुरसत नाही. छोट्या पोर्टेबल मशीनवर रुंद हार्डवुड घातलं की पूर्वी जितकी जाडी एका पासात काढत होता तितकी निघणार नाही, थोडी थोडी काढा. माझं मत विचाराल तर छोटी मोटर आणि बहुतेक सरळ ग्रेनचं काम असेल तर बरं बनवलेलं स्पायरल पुरे, त्याचे इन्सर्टही सहज मिळतात. मोठी मोटर आणि हट्टी लाकूड असेल तर हेलिकल घ्या.

कुठलंही घ्या, इन्सर्ट फिरवताना एक सवय लावून घ्या. फळीवर रेघ आली की ती उंचवटा आहे की खाच ते नखाने बघा. उंचवटा असेल तर तिथल्या इन्सर्टची धार तुटलीय, बहुधा खिळा लागला. खाच असेल तर तिथला इन्सर्ट वर उचललाय, म्हणजे खाली भुशाचा कण अडकलाय. आता फळीच्या कडेपासून रेघ किती अंतरावर आहे ते मोजा, समजा ८३ मिमी आली, फळी मशीनमध्ये जिथून गेली तिथून तेवढंच अंतर हेडवर मोजा आणि त्या पट्ट्यात येणारे इन्सर्ट एकेक तपासा. तुटलेला असेल तर चौथाई फिरवा, चार धारा असतात. उचललेला असेल तर काढून खालची बैठक ब्रशने आणि कापडाने चकचकीत पुसा, इन्सर्टची पाठही पुसा, आणि स्क्रू टॉर्क रेंचने बनवणाऱ्याने दिलेल्या आकड्यापर्यंतच आवळा. जोरात आवळला की कार्बाइड काचेसारखं तडकतं, सैल राहिला तर काय होईल ते सांगायला नको.

आणि ऑर्डर करताना साइज तर बघाच, १४ मिमी आणि १५ मिमी दोन्ही मिळतात आणि जाडीही वेगवेगळी असते, पण धार सरळ की बाकदार हेही विचारा, बाकदार असेल तर त्रिज्याही. आणि जुन्यातला एक इन्सर्ट शेजारी ठेवून, दोघांची धार सपाट काचेवर टेकवून उजेडात बघा, मगच बाकीचे बसवा.