'रन'चे ६४५ अर्थ मेंदूला जड का जात नाहीत?

इंग्रजीत माणूस 'रन' करतो म्हणजे धावतो. नदी 'रन' करते तेव्हा वाहते, नाक गळतं, धुतलेल्या कपड्याचा रंग सुटतो, यंत्र चालतं, उमेदवार निवडणूक लढवतो, वर्तमानपत्र बातमी छापतं, कुणी एखादी कंपनी चालवतं. क्रियापद मात्र एकच. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या सुधारित आवृत्तीसाठी कोशकार पीटर गिलिव्हर यांनी या क्रियापदाचे अर्थ सोडवायला घेतले, तेव्हा त्या एका कामात त्यांचे नऊ महिने गेले. २०११ मध्ये लोकांसमोर आलेला आकडा होता ६४५.

त्याआधी हा मान 'सेट'कडे होता. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत 'सेट' या क्रियापदाचे सुमारे ४३० अर्थ आहेत आणि ती नोंद जवळजवळ ६०,००० शब्दांची आहे, म्हणजे एक छोटं पुस्तकच. 'रन'ची नोंद इतकी फुगली त्याला यंत्रयुगाचाही हातभार लागला. इंजिनं आली, मोटारी आल्या, पुढे संगणकाचे प्रोग्राम आले, आणि चालणाऱ्या नव्या वस्तूंसाठी लोकांनी हाच जुना शब्द वापरला. अर्थात ६४५ हा काही मोजपट्टीने काढलेला आकडा नाही. एक अर्थ कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो, हे कोशकारालाच ठरवावं लागतं.

ही गंमत एकट्या इंग्रजीची नाही. आपल्याकडे भूक लागते, झोप लागते, आग लागते, ठेच लागते, निकाल लागतो, नोकरी लागते, वेळ लागतो, वेडही लागतं. मराठी बोलणारं कुणीही या 'लागणे'पाशी अडखळत नाही. मिशेल ब्रेआल या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाने १८९७ मध्ये या अनेकार्थतेला 'पॉलिसेमी' हे नाव दिलं. नवा अर्थ आला म्हणून जुना हटत नाही, दोघे शेजारी नांदतात, याकडे त्याने लक्ष वेधलं.

पण ठरावीक शब्दांकडेच एवढे अर्थ का गोळा होतात? अमेरिकी संशोधक जॉर्ज झिफ यांनी १९४५ मध्ये यात एक नियमितपणा दाखवला. शब्द जितका जास्त वापरात, तितके त्याचे अर्थ जास्त, आणि अर्थांची संख्या साधारणपणे वापराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. एखादा शब्द दुसऱ्यापेक्षा शंभरपट वापरला जात असेल, तर त्याचे अर्थ दहापटीच्या आसपास असतात. २०१२ मध्ये पियांटाडोसी, टिली आणि गिब्सन या संशोधकांनी इंग्रजी, जर्मन आणि डच शब्द तपासले. आखूड, नेहमीचे आणि उच्चारायला सोपे शब्दच जास्त अर्थ वाहतात, असं त्यांना दिसलं. त्यांचं म्हणणं मला पटतं. संदर्भ अर्थ सांगतोच आहे, तर प्रत्येक अर्थासाठी नवा, लांबलचक शब्द घडवणं हा अपव्यय आहे. त्यापेक्षा सोपा शब्द पुन्हा पुन्हा वापरावा. अनेकार्थता हा भाषेचा ढिसाळपणा नसून तिची काटकसर आहे.

मात्र या काटकसरीचा भार ऐकणाऱ्याच्या मेंदूवर पडतो. तो भार मेंदू कसा पेलतो, हे डेव्हिड स्विनी यांच्या १९७९ च्या प्रयोगातून सुंदर दिसतं. इंग्रजीत 'बग' म्हणजे किडा आणि 'बग' म्हणजे चोरून ऐकण्यासाठी लपवलेलं यंत्रही. लोकांना कोळी, झुरळं असे उल्लेख असलेलं वाक्य ऐकवलं, म्हणजे 'बग'चा अर्थ किडा हे उघडच होतं. तो शब्द कानावर पडताक्षणी पडद्यावर काही अक्षरं दाखवली आणि हा खरा शब्द आहे का, असं विचारलं. 'मुंगी' हा शब्द लोकांनी चटकन ओळखला, यात नवल नाही. पण 'गुप्तहेर' हा शब्दही तितकाच चटकन ओळखला! वाक्यात हेरगिरीचा मागमूस नसताना मेंदूने दुसरा अर्थही जागा केला होता. वाक्य अवघी तीन उच्चारी अक्षरं पुढे गेल्यावर हीच चाचणी घेतली, तेव्हा फक्त किड्याचा अर्थ उरला होता. दोन्ही अर्थ उघडले जातात आणि नको असलेला अर्थ सेकंदभरात मिटतो. आपल्याला त्याची चाहूलही लागत नाही.

जेनिफर रॉड आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये आणखी एक बारकावा दाखवला. 'बार्क' म्हणजे झाडाची साल आणि कुत्र्याचं भुंकणं. असे एकमेकांशी नातं नसलेले अर्थ असलेला शब्द ओळखायला किंचित जास्त वेळ लागतो. अर्थ नात्यातले असतील, तर शब्द उलट लवकर ओळखला जातो. धावणं, वाहणं, चालणं या सगळ्यांत गतीचा धागा आहे. तेव्हा 'रन'चा बराचसा गोतावळा मेंदूला मदतच करत असावा.

यंत्रांना मात्र हे फार जड गेलं. १९४९ मध्ये वॉरन वीव्हर यांनी यांत्रिक भाषांतराची कल्पना मांडताना सुचवलं, की एकेक शब्द सुटा न पाहता आजूबाजूचे काही शब्दही पाहावेत, म्हणजे अर्थ उलगडेल. येहोशुआ बार-हिलेल यांनी १९६० मध्ये त्यावर एक साधं वाक्य ठेवलं: बॉक्स 'पेन'मध्ये होता. 'पेन' म्हणजे लेखणी, तसंच लहान मुलांना खेळायला ठेवतात ते छोटं कुंपणही. लेखणीत खोकं मावत नाही, हे माणसाला सांगावं लागत नाही. पण हे ज्ञान यंत्रात भरणार कसं? संगणकासाठी शब्द आकड्यांत मांडणाऱ्या, २०१३ च्या सुमारास गाजलेल्या 'वर्ड टू व्हेक'सारख्या पद्धतींतही एका शब्दाला आकड्यांची एकच ओळख मिळे, मग अर्थ कितीही असोत. २०१८ मध्ये आलेल्या 'बर्ट'सारख्या संगणकी भाषा-प्रारूपांत प्रत्येक वाक्यानुसार ती ओळख बदलू लागली आणि मोठी अडचण सुटली.

आपल्या मेंदूतली अर्थांची क्रमवारीही कायमची ठरलेली नसते. रॉड यांच्या गटाने २०१३ मध्ये दाखवलं, की एखादा शब्द त्याच्या विरळ अर्थाने एकदाच ऐकला, तरी सुमारे वीस मिनिटांनंतरही तो अर्थ मनात पुढे येण्याची शक्यता वाढलेली असते. मग त्यांनी नौकानयन करणाऱ्यांना गाठलं. 'फेदर' म्हणजे पीस, पण वल्हवणाऱ्यांच्या बोलीत वल्ह्याचं पातं पाण्याला समांतर आडवं करणं. जितकी वर्षं वल्हवण्यात गेलेली, तितका त्या माणसाच्या मनात पिसाआधी वल्ह्याचा अर्थ येण्याचा संभव जास्त होता.