शिसव, शिसम, शीशम: घरी बनणाऱ्या इलेक्ट्रिक गिटारची पार्श्वभूमी

2 जानेवारी 2017 पासून शिसवाच्या अख्ख्या कुळातलं लाकूड व्यापारासाठी देशाबाहेर पाठवायचं तर परवाना लागू लागला. बाल्कनीत किंवा पार्किंगच्या कोपऱ्यात राऊटर (लाकडात खाचा पाडायचं यंत्र) लावून गिटार बनवणाऱ्यांना या नियमाची झळ बसली ती एका पट्टीमुळे. सुमारे 50 सेंटिमीटर लांब, 6 मिलिमीटर जाड, वजनाला दीडशे ग्रॅमच्या आसपास. बॉडी सागाची, पाइनची, महोगनीची, कशाचीही करा. पण मानेवरची ही बोटं टेकवायची पट्टी, म्हणजे फिंगरबोर्ड, म्हटलं की वर्षानुवर्षं शिसवच डोळ्यांसमोर येतो. तो का, आणि त्या नावाचा एवढा गोंधळ का, हे समजायला थोडं मागे जावं लागतं.

पहिली विजेवरची गिटार 1931-32 च्या सुमारास लॉस एंजेलिसमध्ये आली, तीही अॅल्युमिनियमची ओतीव. घरी बनवणाऱ्यांच्या दृष्टीनं खरं वर्ष 1950. त्या वर्षी कॅलिफोर्नियातल्या फुलरटनमध्ये सपाट फळीची बॉडी आणि चार स्क्रूंनी बसवलेली मान अशी गिटार कारखान्यातून बाहेर पडली. लाकूड वाकवायचं नाही, पोट पोखरायचं नाही, वरची फळी घुमटासारखी कोरायची नाही. जिगसॉनं आकार कापा, राऊटरनं खाचे पाडा, मान वेगळी करून बसवा. चुकली तर मानच तेवढी बदला. कारखान्याच्या सोयीसाठी केलेली ही रचना पुढे घरच्या वर्कशॉपला जशीच्या तशी लागू पडली. त्या पहिल्या माना अखंड मेपलच्या होत्या. शिसवाची वेगळी पट्टी चिकटवायला या कारखान्यानं 1958-59 मध्ये सुरुवात केली आणि तिथून हे लाकूड सपाट बॉडीच्या गिटारवरही रुळलं.

फ्रेटचा, म्हणजे फिंगरबोर्डवरच्या आडव्या पडद्यांचा, हिशोब त्याहून कितीतरी जुना. सोळाव्या शतकातले वाद्य बनवणारे उरलेल्या तारेचा अठरावा भाग सोडून पुढचा पडदा बांधत. आज 18 ऐवजी 17.817 नं भागतात. फरक किरकोळ वाटतो, पण 648 मिलिमीटरच्या तारेवर जुन्या हिशोबानं बारावा फ्रेट 321.6 वर पडतो आणि हवा असतो 324 वर. जवळपास अडीच मिलिमीटरची ही चूक कानाला लगेच टोचते. म्हणून घरी काम करणारा माणूस बॉडीला हात लावायच्या आधी कागदावर फ्रेटची पट्टी आखतो.

घरच्या गिटारची सगळ्यांत प्रसिद्ध गोष्ट लंडनजवळच्या फेल्टममधली आहे. ऑगस्ट 1963 मध्ये ब्रायन मे या शाळकरी मुलानं वडिलांच्या मदतीनं काम सुरू केलं. मान जुन्या शेकोटीच्या चौकटीतल्या महोगनीची, आणि तिला वाळवीसारख्या किड्यांनी पाडलेली भोकं काडेपेटीतल्या काड्यांनी बुजवलेली. सूर थरथरवणाऱ्या दांडीच्या, व्हायब्रेटोच्या, स्प्रिंगा जुन्या मोटारसायकलच्या. फिंगरबोर्डवरचे ठिपके आईच्या शिवणाच्या डब्यातल्या शिंपल्याच्या बटणांचे. आणि शिसव परवडत नव्हता, म्हणून ओकच्या पट्टीवर काळ्या लेपाचे थर. तीच गिटार घेऊन तो पुढे जगभर वाजवत फिरला. त्याच्या ‘क्वीन’ बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकलेला होता, हे इथल्या गिटार करणाऱ्यांना मनापासून आवडतं, मलाही.

सत्तरच्या दशकात अमेरिकेत सुट्या बॉड्या, माना आणि पिकअप (तारांचा कंप विजेत बदलणारे भाग) विकत मिळू लागले. 50 डॉलरची बॉडी आणि 80 डॉलरची मान जोडून बनवलेल्या एका गिटारनं रॉकचा आवाजच बदलला. आपल्याकडे 1991 पर्यंत आयातीचं दार जवळपास बंद होतं, त्यामुळे जोडण्यापेक्षा मुळापासून बनवण्याकडेच कल राहिला. लाकूड हाताळायचं शहाणपण मात्र इथं आधीपासून होतं. मिरजेत तलवारी-चिलखतांची कामं करणाऱ्या घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात सतारी आणि तंबोरे करायला घेतले, आणि 2024 मध्ये त्यांना भौगोलिक मानांकन मिळालं. ते वापरतात ते तून, महोगनीच्याच कुळातलं, हलकं आणि कापायला मऊ. गिटारच्या बॉडीला ते उत्तम चालतं.

आता शिसवाकडे.

गिटारवाल्यांचं मूळ प्रेम ब्राझीलच्या शिसवावर. साठचं दशक संपता संपता ब्राझीलनं ओंडक्यांची निर्यात थांबवली आणि मोठे कारखाने भारतीय शिसवाकडे वळले, म्हणजे आपल्या सह्याद्रीतल्या आणि दक्षिणेतल्या झाडाकडे. 1992 मध्ये ब्राझीलच्या लाकडाला सायटिसचं, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराचं, सर्वांत कडक संरक्षण मिळालं आणि तो रस्ता कायमचा बंद झाला. भारतालाही ओंडके किंवा चिरलेलं लाकूड बाहेर जाऊ द्यायचं नव्हतं. मग प्रश्न आला तो असा: फ्रेटच्या चिरा न पाडलेली, नुसती तासलेली पट्टी म्हणजे चिरलेलं लाकूड की वाद्याचा भाग? 24 ऑगस्ट 2011 ला टेनेसीमधल्या एका बड्या गिटार कारखान्यावर छापा पडला तो यावरूनच. 6 मिलिमीटरपेक्षा जाड चिरलेलं लाकूड भारतातून पाठवता येत नाही आणि या पट्ट्या 10 मिलिमीटरच्या, असा तपास यंत्रणेचा दावा. इथून निघताना कागदावर ‘वाद्याचे भाग’, तिकडे उतरताना ‘व्हीनियर’, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा. वर्षभरानं कारखान्यानं 3 लाख डॉलर दंड भरून प्रकरण मिटवलं, पण तो मुख्यतः मादागास्करच्या एबनी या काळ्या लाकडासाठी होता. भारतीय पट्ट्यांच्या वर्गीकरणात विसंगती आहे, हे तडजोडीतच मान्य झालं. एका पट्टीचं नाव ठरत नव्हतं म्हणून एवढं रामायण झालं.

नावाचा खरा गुंता तर आपल्या वखारीत आहे. मराठीत शिसव म्हणजे डाल्बर्जिया लॅटिफोलिया. आजोळचा शिसवी पलंग, शिसवी देवघर, ‘शिसवासारखा काळा’ म्हणतो ते झाड. हिंदीतलं शीशम म्हणजे डाल्बर्जिया सिसू. उत्तरेकडे रस्त्याकडेला, कालव्याकाठी लावलेलं, लवकर वाढणारं, जोधपुरी फर्निचरमधलं. कुळ एक, झाडं वेगळी. पण वखारीत दोन्ही ‘शिसम’ होतात, आणि इंग्रजीत दोन्ही ‘इंडियन रोझवूड’ म्हणून विकली जातात. भरीला इंडोनेशियात लागवड केलेला शिसव ‘सोनोकेलिंग’ नावानं येतो. तो खुद्द लॅटिफोलियाच. एका नावात दोन झाडं, एका झाडाला दोन नावं.

मी पहिल्या गिटारसाठी ‘शिसम’ मागून पट्टी आणली. रंधा मारला तर आतून सोनेरी तपकिरी, मध्ये गडद रेघा. वाईट नव्हती, ती गिटार आजही वाजते. दुसऱ्या वेळी एका मोडलेल्या पलंगाची आडवी पट्टी हाती लागली. वरचं काळपट पॉलिश निघालं तशी भुशाची जांभळट छटा दिसू लागली आणि गुलाबासारखा गोडसर वास खोलीभर पसरला. स्पिरिटच्या फडक्यानं पुसलं तर फडक्यावर जांभळा डाग. हात बसला की हे दोन प्रकार ओळखू येतात.

बंदरावरच्या अधिकाऱ्यानं मात्र तासलेली, पॉलिश केलेली पट्टी बघून कशी ओळखायची? 2016 मध्ये जोहान्सबर्गला सायटिसच्या बैठकीत नेमका हाच मुद्दा होता. चीनमधल्या तांबूस लाकडाच्या उंची फर्निचरपायी मादागास्करपासून ग्वाटेमालापर्यंत जंगलं तोडली जात होती आणि एक जात वाचवली की तस्कर दुसरीच्या नावानं माल काढत. म्हणून कुळच्या कुळ यादीत घातलं गेलं. जंगलातल्या शिसवासाठी हा निर्णय योग्यच होता, असं मला वाटतं. पण शेताच्या बांधावर लावलेला शीशम त्यात ओढला गेला, हा अन्याय होता. निर्णयाआधी वर्षाला 1000 कोटी रुपयांच्या घरात असलेली शीशमच्या वस्तूंची निर्यात 500-600 कोटींवर आली, असे सरकारी अंदाज आहेत.

गिटारच्या जगात याचे परिणाम लगेच दिसले. स्वतःची गिटार घेऊन परदेशी जाणाऱ्याला 10 किलोपर्यंत सूट होती. विकण्यासाठी पाठवणाऱ्याला नव्हती. कारखान्यांकडे कागदपत्रं करायला माणसं असतात. महिनोन्‌महिने खपून एक गिटार बनवणाऱ्याला, ती न्यू जर्सीतल्या कुणा मराठी गिऱ्हाइकाला पाठवायची तर दीडशे ग्रॅमसाठी परवाना काढावा लागे. परदेशी दुकानांनी शिसवाच्या माना बाहेर पाठवणं कमी केलं. मोठ्या ब्रँडांनी काही मालिकांत दक्षिण अमेरिकेतलं पाऊ फेरो लावलं, तर स्वस्त मालिकांवर ‘इंडियन लॉरेल’ दिसू लागलं. नाव भारदस्त, झाड आपल्या ओळखीचं: कोकणातल्या रानात मगरीच्या पाठीसारखी साल घेऊन उभा असतो, तो ऐन.

ऑगस्ट 2019 मध्ये जिनिव्हातल्या सायटिसच्या बैठकीत तयार वाद्यं आणि वाद्यांचे तयार भाग यांना सूट मिळाली. 26 नोव्हेंबर 2019 पासून ती लागू झाली आणि कारखाने शिसवाकडे परतले. शीशमला यादीतून वगळण्याची भारताची मागणी त्याच बैठकीत फेटाळली गेली. 2022 मध्ये पनामात त्यातल्या त्यात दिलासा मिळाला: शीशमच्या वस्तूंसाठी 10 किलोची मर्यादा अख्ख्या खेपेला न लावता नग धरून मोजायची, आणि वजनही फक्त लाकडाचं.

सूट तयार वाद्याला आहे, कच्च्या फळीला नाही. म्हणून गिटार बाहेर पाठवणारे आता लाकडाची पावती जपून ठेवतात आणि बिलावर झाडाचं शास्त्रीय नाव लिहितात. वखारीच्या पावतीवर ते कधीच नसतं. तिथं अजूनही ‘शिसम, 1 नग’ एवढंच असतं.