कार्बोलिकच्या रिंगणाला साप जुमानत नाही

पावसाळा लागला की जळगाव जिल्ह्यातल्या पाटणादेवीकडे आणि यावल अभयारण्यातल्या पाल गावाकडे गर्दी वळते. सोबत कार्बोलिक ॲसिडची बाटलीही निघते: मुक्कामाभोवती रिंगण घाला, साप आत येत नाही म्हणे. येतो. भक्ष्याच्या मागावरचा साप नुसत्या वासाने अडत नाही. वर एका सरीत ॲसिड वाहून जातं आणि हाताला लागलं तर कातडी भाजते. मीठ, लसूण, चुना यांचंही तेच.

रात्री खरा धोका मण्यारचा. ती जमिनीवर झोपलेल्याच्या अंथरुणात शिरते, आणि दंश इतका बारीक की कित्येकदा झोपही मोडत नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, आणि लोक अपचन समजून सोडा पाजतात! म्हणून मुक्काम (तोही वनविभागाच्या परवानगीनेच) खाटेवर करा, मच्छरदाणी चारही बाजूंनी गादीखाली खोचा. उरलंसुरलं अन्न बाहेर टाकू नका. त्यावर उंदीर येतात, मागोमाग साप. अंधारात टॉर्चशिवाय पाऊल नको, बूट झटकून घाला.

दंश झालाच तर अंगठी-कडं काढा, हातपाय फळीला सैल बांधून स्थिर ठेवा, १०८ लावा. करकचून आवळणं नको, चिरा नको. रेंज नसेल तर गाडीने थेट सरकारी रुग्णालय. प्रतिसर्पविष नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर चालतं. साप मारून नेण्याची गरज नाही.